आत्याच्या दाराला कुलूप नव्हतं

माझ्या आत्याचं घर मोडलं गेलं ते पासष्ट सालच्या वैशाखात, पाड्यात कुणीही नसताना. तिला ते कळलं जेठ लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी, उन्हं कलताना, डोक्यावर बोचकं घेऊन ती स्वतःच्या अंगणात येऊन उभी राहिली तेव्हा. अन्याय झाला तो तिच्यावर. तिचं नाव मी लिहीत नाही. नाव लिहिलं की बोईसरातले लोक म्हणणार, हां, ती होय, आणि पान उलटणार. ती विधवा होती, तिला मूल नव्हतं आणि आईविना राहिलेल्या मला तिने वाढवलं, एवढं पुरे. मोडणाऱ्याचंही नाव लिहीत नाही. तारापूरकडे मोठं काम निघाल्यापासून आमच्या भागात खडीचे जे छोटे छोटे कंत्राटदार उगवले, त्यातला तो एक.

मी आजवर पत्रकं लिहिली, वाटली, भिंतींवर चिकटवली. पत्रकात माणूस चार ओळींत बसवावा लागतो. आत्या चार ओळींत बसत नाही, म्हणून हे लांबलं आहे. वाचणाऱ्याने कुरकुर करू नये.

आमचा पाडा बेटेगावच्या वरच्या अंगाला, टेकडीच्या पायथ्याशी. सहा घरं. पाच घरं वर चढावर आणि आत्याचं एकटं खाली, बोईसरच्या बाजाराला जाणाऱ्या वाटेच्या कडेला. भात पावसावरचं. झोडून घरात आणलं की होळीपर्यंत पुरतं, त्यानंतर मडकी वाजायला लागतात. मग सगळे मिठागरावर जातात. उन्हाळ्यात पाड्याची विहीरही आटते, त्यामुळे म्हातारी माणसं लेकींच्या गावी जाऊन राहतात. कुत्रीसुद्धा माणसांच्या मागे जातात. होळी ते जेठ आमच्या पाड्यात कुणी नसतं. हे नवीन नाही. माझ्या आजोबांच्या आधीपासून असंच आहे आणि आसपासच्या प्रत्येक गावाला ते ठाऊक आहे. ठाऊक आहे हे मी मुद्दाम लिहितो आहे.

त्या वर्षी आम्ही एडवणच्या बाजूला एका मिठागरावर होतो. मोसम संपला तसे पहाटेच निघालो, मी, आत्या आणि शेजारचा काका. बाकीची मंडळी मागून यायची होती. आत्याच्या अंगात चार दिवस तापाची कसर होती. तिचं मन घराकडे लागलं होतं म्हणून आम्ही पुढे झालो.

सफाळ्यापर्यंत चालत. सूर्य वर यायच्या आतच अंगाला कपडे चिकटले. ढग येऊन नुसते बसले होते, वारा नव्हता, झाडाचं पान हलत नव्हतं. मिठागरात अडीच महिने उभं राहून पायांच्या टाचा भेगाळतात, त्या घामाने ओल्या झाल्या की चालताना उघडतात. मोसम संपला की शेठ प्रत्येकाला फडकंभर मीठ देतो आणि ते बक्षीस समजायचं असतं. आत्याने ते बोचक्यात सगळ्यात वर बांधलं होतं. दमट हवेत मिठाला पाणी सुटलं. ते तिच्या कानामागून मानेवर आणि मानेवरून पाठीत उतरत होतं. मानेवर घामोळं उठलेलं. त्यावर ते झोंबत असणार.

"बोचकं मला दे, आते," मी म्हणालो.

"तुज्या डोक्यात आदीच लय वजन हाय," ती म्हणाली. "पत्रकं."

काका हसला. तो आत्याच्या वयाचा, आयुष्यभर कुणाची ना कुणाची टिंगल करत जगलेला माणूस. "त्याचं वजन नसतं गो," तो म्हणाला. "वजन असतं त शेठ दबला नसता?"

सफाळ्याला पॅसेंजर मिळाली. डब्यात दाराशी एक कोळीण रिकाम्या पाट्या घेऊन बसली होती. आत्याने बोचकं खाली ठेवलं आणि मिठाचं पाणी तिच्या पाटीकडे वाहत गेलं.

"काय गो बाय, मीठ नेतेस का समिंदर?" कोळीण म्हणाली.

"तुज्या मासलीला लागतंच की. फुकट घे."

"मासली आमची, मीठ तुमचा. मंग शेठ काय करतो?"

"जेवतो," काका म्हणाला.

डबा हसला. कोळणीने सरकून आत्याला जागा करून दिली. तिचा हात लागला तशी म्हणाली, "बाय, तुजं आंग त चुलीवानी तापलंय."

"घरी गेली का बरी व्हईन. कुडाला पाठ लावून पडनार. आमचा कूड गार असतो, शेनानं सारवलेला." आत्याने डोळे मिटले. ती त्या कुडाबद्दल सफाळ्यापासून बोलत होती.

"घराला कुलूप लावलंस ना? आता लय लोक आलेत तिकडं, भाईरचे."

आत्याने डोळे उघडले. तिला तो प्रश्न आवडला नाही. "कुलूप कोनासाठी लावू? शेजारी काय चोर हायत?"

इथे मला थांबून सांगावं लागेल, कारण पुढचं सगळं यावर आहे. आमच्या पाड्यात कुणीही दाराला कुलूप लावत नाही. कुलूप लावणं म्हणजे शेजाऱ्यावर आळ घेणं. घर सोडताना दाराचा काटक्यांचा झाप ओढायचा आणि पळसाच्या मुळांच्या दोरीने बांधायचा. गाठीत आंब्याची एक डहाळी खोवायची. ज्याने गाठ बांधली त्यानेच ती सोडायची. ती बांधलेली असेपर्यंत ओट्यावर कुणीही बसावं, झोपावं, पावसात आसरा घ्यावा, पण गाठीला हात लावायचा नाही. डहाळी सुकते, पानं गळतात, काडी राहते. काडी असली तरी पुरे. ते घर माणसाचं आहे, माणूस येणार आहे, असा तिचा अर्थ.

"या काकाला विचार," आत्या कोळणीला म्हणाली. "एकदा भांडून बायकोच्या आदी घरी आला. गाठ बायकोनं बांदलेली."

"दोन रात्री ओट्यावर झोपलो," काका म्हणाला. "माझ्याच घराच्या. आत माझंच भात, माझीच घोंगडी, आन् मी भाईर मच्छरांना जेवू घालतोय. ती आली, गाठ सोडली, आन् म्हनते, कोन तू?"

कोळीण पदर तोंडाला लावून हसली. पालघर आलं तेव्हाही ती हसतच होती. आत्याही हसली. तिला नंतर हसताना मी पाहिलं नाही.

बोईसरला उतरलो तेव्हा दुपार झाली होती. रस्त्यावरून खडीचे ट्रक जात होते, त्यांची धूळ वर न जाता घामावर येऊन बसत होती. बाजारात आत्याने पावसाळ्यासाठी सुके बोंबील घेतले आणि आम्ही वाटेला लागलो. शेवटच्या चढाला ती दोनदा बसली. तिसऱ्यांदा बसायला तयार नव्हती, कारण त्या वळणावरून तिचं छप्पर दिसतं.

वळणावर आलो. छप्पर दिसलं नाही.

काका म्हणाला, "झाडी वाढली." जेठात झाडी वाढत नाही हे त्यालाही माहीत होतं.

अंगणात चार कोपऱ्यांना चार खड्डे होते आणि मधल्या मोठ्या खांबाचा, मेढीचा, एक मोठा खड्डा. खांब उपटून नेले होते. कूड नव्हता. छपराचं गवत एका बाजूला लोटून दिलेलं, त्यात कोंबड्यांनी उकरल्यासारखं झालेलं. चुलीचे तीन दगड जागेवर होते. बियाण्याची कणगी आडवी पडली होती, खाली थोडं भात सांडलेलं, त्याला मुंग्या लागलेल्या. ओटा तेवढा शाबूत होता, कारण मातीचा ओटा कुणाच्या कामाचा नसतो. ओट्याच्या पायथ्याशी झापाची दोरी पडली होती. ती कापली होती. गाठ तशीच होती.

आत्याने बोचकं खाली ठेवलं नाही. ते डोक्यावर तसंच घेऊन ती कूड होता त्या जागी गेली आणि उभी राहिली. मीठ गळत होतं. मी तिच्या डोक्यावरून ते उतरवलं तेव्हा ती म्हणाली, "पाठ कुटं लावू?"

मी रागाने बोलायला लागलो. काय बोललो आठवत नाही, पत्रकातलंच काहीतरी असेल. काकाने मला गप्प केलं. तो खड्ड्यांपासून निघालेल्या ओढल्याच्या खुणा बघत होता. त्या खुणा कंत्राटदाराच्या खडीच्या खाणीकडे जात होत्या.

ती रात्र तिच्याच ओट्यावर काढून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं खाणीवर गेलो. खडी फोडणाऱ्या बायांसाठी एक मांडव घातला होता. तो आत्याच्या घराच्या खांबांवर उभा होता. आत्याने मेढीवर हात ठेवला. लग्न होऊन आली त्या वर्षी तिच्या नवऱ्याने ती तोडून आणली होती, वरती दोन फांट्या फुटलेली. आत्या तिथेच मेढीला टेकून बसली. बाया खडी फोडायच्या थांबल्या.

मुकादम आला. परगावचा, थकलेला माणूस, डोक्याला ओलं फडकं बांधलेलं. भांडखोर नव्हता. "माई, ताला नहीं था," तो म्हणाला. "आदमी नहीं, बर्तन नहीं. छह के छह घर खाली. हम समझे छोड़ के चले गए. धूप में ये औरतें बैठती थीं, एक बेहोश हो गई. साहब बोला, वो नीचेवाला ले लो."

"गाठ होती," काका म्हणाला. "गठान. देखा नाय?"

"रस्सी थी," मुकादम म्हणाला. त्याला खरंच कळलं नव्हतं. "रस्सी तो कोई भी बाँधता है."

त्या बायांना सावली हवी होती हे मला मान्य आहे. उन्हात बसलेल्या मजुरिणीशी माझं भांडण नाही. मुकादमाशीही नाही. त्याच्या गावात माणूस जातो तेव्हा कुलूप लावतो, त्याने कुलूप शोधलं. माझं भांडण त्यानंतर जीपमधून आला त्याच्याशी आहे.

कंत्राटदार जीपमधून उतरला नाही. मराठी स्वच्छ होती. "काय गडबड आहे?" त्याने विचारलं. मुकादमाने सांगितलं. तो म्हणाला, "बरं, हिला दहा बांबू द्या आणि काम हवं असेल तर उद्यापासून येऊ दे." आणि निघायला लागला.

"बांबू नको," आत्या म्हणाली. "तू माजं घर मोडलंस असं बोल."

"घर?" तो म्हणाला. "बाई, तुम्ही लोक आज इथे, उद्या तिथे. मी एक रिकामं खोपट हलवलं. तिथे कुणी राहत नव्हतं."

"मी राहते."

"राहत होतीस तर होतीस कुठे?"

याला उत्तर होतं, साधं, सगळ्या तालुक्याला माहीत असलेलं. पण उत्तर ऐकायला तो थांबला नाही. जीपची धूळ आमच्या अंगावर बसली.

मेढ तिथेच सोडून आम्ही परत आलो. काकाने आपल्या घराची गाठ सोडली, मी वर माझ्या बापाच्या घराची. आत्याला म्हणालो, वर चल, आपल्या घरात राहा, पावसाळ्यानंतर बघू. ती मोडक्या जागेच्या ओट्यावर बसली होती.

"मी वर आली त तो खरा झाला," ती म्हणाली. "इथं कोनी राहत नाय, असं त्यानं बोललं ना. मंग मी इथं राहनार. पोऱ्या, ताडाच्या झावळ्या आन."

मी तिला खूप समजावलं. काकाने चेष्टा करून पाहिली, म्हणाला, "ओट्यावर झोपायचा मान माजा हाय." ती हसली नाही. शेवटी आम्ही त्याच खड्ड्यांत चार बांबूच्या काठ्या रोवल्या, वर झावळ्या टाकल्या. भिंत नव्हती. दिवसा त्याखाली हवा कोंडायची, रात्री डास. तिची कसर उतरली नाही. ती दिवसभर चुलीच्या दगडांमध्ये जाळ ठेवायची, शिजवायला काही नसलं तरी. वाटेवरून जाणाऱ्याला धूर दिसला पाहिजे, म्हणायची.

मी अर्ज घेऊन चावडीवर गेलो. ज्याला भेटलो त्याने मला हाकललं नाही, हेही लिहितो. तो म्हणाला, पंचनामा करता येईल, पण पाड्याबाहेरचे दोन पंच हवेत. इथे राहतं घर होतं, आपण ते पाहिलं आहे, असं सांगणारे. तुम्ही नात्यातले, तुमचं चालत नाही. दोन माणसं आण.

मला वाटलं, दोनच ना. बाजाराची वाट आत्याच्या ओट्यावरून जाते. त्या ओट्यावर बसून पाणी प्यायला नाही असा माणूस सापडणं कठीण. पावसात, थंडीत, डोक्यावर ओझं असलेला प्रत्येक जण तिथे टेकायचा. ती मडकं बाहेरच ठेवायची.

बोईसरला एक दुकानदार तिच्याकडून दर वर्षी गवताचे भारे घ्यायचा, स्वतः येऊन, ओट्यावर बसून भाव करायचा. तो म्हणाला, "घर होतं रे, मी काय नाही म्हणतो? पण त्या माणसाचं सगळं सामान माझ्या दुकानातून जातं." एक मास्तर शाळेला येताजाता तिथे सायकल टेकवायचे. ते म्हणाले, "मी सरकारी नोकर, मला यात ओढू नकोस." मग मला म्हणाले, "म्हातारीला सांग, मास्तरांनी विचारलंय." एक बैलगाडीवाला होता. वादळात तो सबंध रात्र तिच्या घरात झोपला होता, बैलांसकट. तो पुष्कळ वेळ बिडी ओढत बसला आणि म्हणाला, "माजी गाडी आता खडीवर हाय."

कुणी दार लावून घेतलं असं एकाही ठिकाणी झालं नाही. सगळ्यांनी आत घेतलं, एकाने चहा पाजला. सगळे म्हणाले, घर होतं. चावडीवर येऊन म्हणायला कुणी आलं नाही. मी त्यावर पत्रक काढलं. तेही सगळ्यांनी वाचलं. दुकानदाराने तर ते दुकानात लावून घेतलं.

पावसाळा लागला आणि खाणीचं काम बंद पडलं. मांडव तसाच उभा होता. काका म्हणाला, रात्री जाऊन मेढ उपटून आणू. आत्या म्हणाली, "चोरून नाय आनायची. माजी हाय." तिचं रोप झालं नाही, बियाणंच नव्हतं. आम्ही आमच्यातलं देऊ केलं तर म्हणाली, पुढल्या साली. श्रावणात तिला खोकला लागला. तेव्हा मी तिला उचलून वर न्यायचं ठरवलं, तशी दोन्ही हातांनी बांबू धरून बसली. एवढं बळ तिच्यात उरलं होतं याचं मला नवल वाटलं, आणि मी तिचे हात सोडवले नाहीत.

भादव्यात ती गेली. सकाळची वेळ होती, मी पेज घेऊन खाली आलो होतो. पेज घेतली नाही. म्हणाली, "कोनी विचारलं त सांग, घरी मेली."

मी म्हणालो, सांगतो.

कुणी विचारलं नाही.

यंदाही होळीनंतर पाडा मिठागरावर गेला आहे. पाच घरांच्या पाच झापांना गाठी आहेत, डहाळ्या एव्हाना सुकल्या असतील. खाण पुन्हा सुरू झाली आहे, आणि ती चढाच्या बाजूला वाढते आहे. मी या खेपेला मागे राहिलो आहे, पाणी बोईसरहून आणतो आणि पाच घरांची राखण करतो. पण मी नात्यातला. माझं चालत नाही. चावडीवरचा तो अर्ज अजून तसाच आहे, पंचांची जागा रिकामी ठेवून. आत्या नसली तरी पंचनामा होऊ शकतो, मी विचारून आलो आहे. तो झाला तर ते घर होतं असं ठरेल, आणि वरची पाच घरंही मग घरं ठरतील, खोपटं नाही.

हे वाचणारे तुम्ही पुष्कळसे याच भागातले आहात. तुमच्यातले निदान पन्नास जण त्या वाटेने गेले आहेत. तुमचं दुकान असेल, नोकरी असेल, गाडी खडीवर असेल, ते मला सांगू नका, मी ऐकून आलो आहे. मला दया नको, विचारपूस नको, हे छापील पान भिंतीवर लावायला नको. येत्या बाजाराच्या दिवशी सकाळी चावडीवर या. दोघं जण या. आणि तिथे मोठ्याने सांगा: त्या जागी घर होतं, तिथे एक बाई राहत होती, तिच्या हातचं पाणी मी प्यालो आहे.